थोरलीचं कुलूप

तो लोटा तिनं लाथाडलाच नव्हता. हे मी आजवर शंभर जणांना सांगितलं असेल, आणि शंभरही जणांनी माझ्याकडं बघून "तू पुतण्याच तिचा, तू असंच बोलणार" म्हणून मान हलवली. आता वय झालं, दात गेले, पण त्या लोट्याचं नाव निघालं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

आमचं गाव औंधच्या अलीकडं. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्या झाल्या की गावातल्या हौशी मंडळींचं नाटक व्हायचं. कामं गावातलीच पोरं करायची, फक्त नायिकेसाठी सांगलीहून एक बाई आणायची, ती त्याच दिवशी दुपारी एसटीतून उतरायची आणि संध्याकाळी पाठ भाषणं म्हणून मोकळी व्हायची. आधी मंडळी छापील नाटकं करायची. दुष्काळ सरल्यावर दोन वर्षांनी आमच्या शाळेतल्या मास्तरांनी स्वतः नाटक लिहिलं. आपल्याच गावचं, दुष्काळातलं.

मी तेव्हा सांगलीत एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचो. मास्तर हँडबिलाचा कागद घेऊन आले, मी ओळ न वाचता अक्षर बघून जुळवत गेलो, ती आमची सवयच असते. ठसा काढला आणि वाचलं: "गावाचं पाणी तोडणाऱ्या कैदाशिणीची खरी कहाणी." त्यातला 'खरी' हा शब्द मी माझ्या या हातांनी जुळवला होता.

कैदाशीण म्हणजे माझी काकी. माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको, आमच्या घराला भिंत लागून तिचं घर. काका पलटणीत होते, पासष्टच्या लढाईत गेले. मूलबाळ नाही. काकांनी पगारातून बांधलेली विहीर तेवढी मागं राहिली. तिला पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांच्या तोंडाला लोखंडी दार होतं. दुष्काळात गावातल्या सगळ्या विहिरी तळाला गेल्या, हिला मात्र हातभर पाणी राहिलं, आणि त्याच दिवसांत काकीनं त्या दाराला कुलूप लावलं. इथवर खरं आहे. तीन दिवस बायका दीड कोसावरच्या ओढ्यात झरे उकरत होत्या, चौथ्या दिवशी सकाळी काकीनं स्वतः कुलूप काढलं. झालं, एवढंच.

मास्तरांच्या नाटकात मात्र थोरली नावाची एक विधवा कपाळाला आठ्या घालून विहिरीवर बसते. तहानेनं व्याकूळ झालेलं पोर लोटा घेऊन येतं, थोरली लोटा लाथाडते. मग नायक पहार घेऊन येतो, कुलूप फोडतो, थोरली पायांवर लोळण घेते. नायक म्हणजे सरपंचाचा पोरगा. दुष्काळात हा गडी साताऱ्याला लॉजवर राहून सिनेमे बघत होता. पहार त्यानं जन्मात पहिल्यांदा हातात धरली ती त्या नाटकात!

नाटक गावाला बेफाम आवडलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा केलं. आणि गंमत अशी की गावाची आठवणच बदलली. जिनं चौथ्या दिवशी काकीच्याच विहिरीतून घागर भरली होती ती शेजारीण मला सांगते, "आवं, म्या डोळ्यांनी बघितलाय की तो लोटा, पितळेचा हुता!" एक सूनबाई तर दुष्काळानंतर लग्न होऊन आलेली, तीसुद्धा शपथ घ्यायला तयार. पोरांनी खेळ काढला. शाळा सुटली की काकीच्या दारासमोर डबडं ठेवायचं आणि "थोरली ग थोरली" म्हणत लाथाडायचं. काकी दोन वर्षं देवीच्या पालखीला बाहेर पडली नाही. पालखी दारावरून जायची आणि तिचं दार बंद.

मला ते बंद दार सहन होईना. तिनं एकदा ताठ मानेनं यात्रेत यावं, आणि या लोकांच्या माना खाली जाव्यात, एवढंच मला हवं होतं. खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा दुसरं जास्त हवं होतं.

तिसऱ्या वर्षी संधी चालून आली. थोरलीचं काम करणारा न्हाव्याचा पोरगा भरती होऊन गेला. बाईचं सोंग, त्यात शिव्या खायचं काम, कोण घेणार? मी मास्तरांना म्हणालो, मी करतो.

मास्तर गहिवरले. "घरचा माणूस असून तू करतोस? मन मोठं रं तुझं."

"कला ती कला, मास्तर," मी म्हणालो. अहाहा, काय साळसूद होतो मी!

दर रविवारी एसटीनं तालमीला यायचो. तालमीत लोटा असा लाथाडायचो की मास्तर टाळ्या वाजवायचे. सरपंचाच्या पोराच्या पायांवर लोळण पण घेतली, एकदा नाही, सात वेळा. आतून दात खात होतो. म्हटलं, घे लोळवून, यात्रेला बघू कोण कुणाला लोळवतंय.

नाटकाच्या दिवशी सकाळी काकीकडं गेलो आणि तिचं लुगडं मागितलं. कशाला ते तिला ठाऊक होतं. तिनं ट्रंक उघडली, काळपट हिरवं इरकली काढून दिलं, म्हणाली, "काठ फाडू नगंस." एवढंच बोलली. मी म्हणालो, "काकी, ये की बघायला." ती ट्रंक बंद करत म्हणाली, "कर्ण्यातनं ऐकू येतंया मला समदं."

दिवस मावळला, गॅसबत्त्या लागल्या, नाटक सुरू झालं. मी स्टेजवर पाय ठेवला तेव्हाच शिट्ट्या आणि शिव्या. एक भुईमुगाच्या टरफलांची पुडी डोक्यावर येऊन फुटली. मी विहिरीपाशी बसलो. पोर लोटा घेऊन आलं. पुढं बसलेली गाबडी पोरं ओरडायला लागली, "हाण! हाण लाथ!"

मी लोटा उचलला, पाण्यानं भरला आणि पोराच्या तोंडाला लावला.

विंगेतनं मास्तर कुजबुजले, मग मोठ्यानं कुजबुजले, मग सरळ ओरडले. मी कुठला ऐकतोय! मी रडायला लागलो. धनी सरहद्दीवर गेला, त्याचं मढंसुद्धा दिसलं नाही, ही विहीर म्हणजे माझा धनी, पाणी संपलं तर माझा धनी दुसऱ्यांदा मरंल, म्हणून ग बायांनो कुलूप लावलं, मला पदरात घ्या. असं पाच-सात मिनिटं. सांगलीला छापखान्याच्या मालकाच्या पासावर नाटकं बघून जेवढं शिकलो होतो तेवढं सगळं ओतलं. आणि बायका रडायला लागल्या! पदर डोळ्यांना लागले. तेवढ्यात ठरल्याप्रमाणं सरपंचाचा पोरगा पहार घेऊन आला आणि म्हणाला, "थांब, चांडाळणी!" मागनं एक म्हातारा उठून ओरडला, "अरं ठेव ती पहार, मुडद्या! बाई रडाया लागलीया, दिसत न्हाई व्हय?" जो हशा पिकला! नायक पहारीसकट मागं सरकला, भाषण विसरला, पडदा ओढावा लागला. मास्तर डोकं धरून पेटीवर बसले. मी लुगड्याच्या निऱ्या सावरत त्यांच्यासमोरून गेलो आणि म्हणालो, "मास्तर, आता झाली बघा खरी कहाणी." त्या रात्री मला जी झोप लागली तशी पुन्हा कधी लागली नाही.

सकाळी लुगड्याची घडी घेऊन काकीकडं गेलो. मनात मांडे खात होतो. ती तोंडावरून हात फिरवील, डोळ्यांत पाणी आणील.

काकी मिसरी लावत उंबऱ्यात बसली होती. तिनं चूळ भरली आणि म्हणाली, "रडत का हुतास रं?"

"तुझ्यासाठी, काकी."

"म्या कवा रडले हुते?"

ती म्हणाली, "मास्तरनं मला राक्षसीण केली. तू मला बिचारी केलीस. गड्या, राक्षसीण बरी हुती. तिला निदान लोक भ्यायचं."

"मग कुलूप का लावलंस?" हा प्रश्न मी तिला कधी विचारलाच नव्हता. पाच वर्षं तिच्या बाजूनं भांडत होतो आणि विचारलं नव्हतं. माझं मीच ठरवून टाकलं होतं.

"सूड उगवला," काकी म्हणाली. कालवणात मीठ घातलं म्हणावं तशी म्हणाली. "काय लपवायचं त्यात? तुझा काका गेल्याची तार आली. घरात माणूस गेलं की चूल पेटवायची न्हाई, भावकीनं भाकरी आणायची, ही रीत हाय का न्हाई?"

"हाय."

"कोण आलं न्हाई. विहिरीत वाटा मागत हुती ही भावकी तुझ्या काकाकडं, त्यानं दिला न्हाई. भावकी म्हणाली, आधी कागदावर आंगठा कर, मग भाकरी. तीन दीस मी भिताडाला टेकून बसले. तिसऱ्या दिशी बौद्धवाड्यातली एक म्हातारी मागल्या दारानं आली, तिनं दिली भाकरी, ती खाल्ली. मग ही समदी म्हणाली, हिनं तिकडचं खाल्लं, आता हिच्याकडं जायचंच न्हाई." ती थुंकली. "आंगठा केला न्हाई मी. देवीला म्हणले, ह्यांना एकदा माझ्या दारात उभं कर. सात वर्सांनी केलं. तीन दीस कुलूप लावलं. त्या म्हातारीला तेवढी रोज घागर वढून दिली. पायऱ्यांवर बसून बाकीच्या मोजल्या, कोणकोण मोकळी घागर घेऊन माघारी जाती. लय बरं वाटलं. चौथ्या दिशी काढलं, हिशोब फिटला."

मग तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "पयली मोकळी घागर कुणाची, ठावं हाय तुला? तुझ्या आईची."

काका गेले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, सांगलीला मामाकडं शाळेत. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. भिंतीच्या पलीकडं घर! तिच्या घरात कण्हलं तर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

घरी आलो. आई भाकऱ्या थापत होती. मी विचारलं. ती थापत राहिली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग म्हणाली, "तुझं वडील म्हणालं, जायाचं न्हाई. मी न्हाई गेले." आणि भाकरी उलटत, "भिताडातनं ऐकू येत हुतं."

वर्षभर मी धुमसत राहिलो. मास्तरांवर काढलेला राग आता कुणावर काढावा ते कळेना, कारण तो घरातच येऊन बसला होता. आणि गाव? गावानं आता दुसरंच धरलं होतं. काकी म्हणजे बिचारी, सोसलेली, देवमाणूस. पोरं डबडं लाथाडायची थांबली, बाया तिला वाटेत थांबवून हळहळायच्या. काकी त्यांच्याकडं असं बघायची की दुसऱ्यांदा कोण थांबत नसे. हे माझं कर्तृत्व.

पुढच्या यात्रेला मास्तर स्वतः छापखान्यात आले. लोकांना माझीच थोरली हवी होती, रडणारी. मी हो म्हणालो. मग काकीकडं गेलो आणि म्हणालो, यंदा तू सांगशील तसं करतो. ती म्हणाली, "तुझी आई बसलेली असंल समोर."

"असंल."

"बघ बाबा," ती म्हणाली आणि ट्रंकेतून लुगडं काढलं.

त्या वर्षी ती आली. डोक्यावर पदर, ताठ, थेट पुढच्या रांगेत जाऊन बसली. चार जणींनी सरकून जागा दिली. आई तिच्या मागं दोन रांगा सोडून भावकीतल्या बायकांत बसली होती.

मी रडलो नाही. लोटा लाथाडला नाही, भरलाही नाही. विहिरीच्या पायरीवर बसलो, कुलूप हातात घेतलं आणि म्हणालो, "माझा धनी गेला तवा तीन दीस माझी चूल बंद हुती. भाकरी आणायची रीत तुमची, विसरला तुमी. आता तीन दीस मोजा." आणि कुलूप लावलं. एवढंच.

शिट्टी नाही की हुंदका नाही. भावकीतल्या बायका जमिनीकडं बघत होत्या. मी आईकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं. तिनं पदर तोंडावर ओढला होता. पहिल्या रांगेत काकी मांडीवर हात ठेवून बसली होती, लग्नाला आल्यासारखी.

सूड गोड असतो म्हणतात. गोड होता तो माझ्या पहिल्या वर्षीचा. हा घशातून खाली जाईना.

यात्रेसाठी मी आठवडाभराची रजा काढून आलो होतो. आईनं तीन दिवस मला वाढलं नाही. स्वयंपाक व्हायचा, वडिलांचं ताट व्हायचं, माझं नाही. बोलणं तर नाहीच. मी पलीकडं काकीकडं जेवलो. काकी वाढायची आणि काही विचारायची नाही.

चौथ्या दिवशी मी काकीच्या सोप्यात बसलो होतो तेव्हा आई दारात आली. बारा वर्षांत पहिल्यांदा. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या, वर पिठलं. आत आली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "पोरासाठी आणल्यात."

काकी उठली. फडकं तिनं हातात घेतलं, सोडलं, वरची भाकरी मोडली, पिठल्याला लावली आणि तिथंच उभ्यानं खाल्ली. मी बघत होतो, आई बघत होती. सगळा घास चावून झाल्यावर काकी म्हणाली, "मीठ कमी हाय."

आई मान खाली घालूनच मीठ आणायला आमच्या घरात गेली.