बारदान्याचा एक किलो

माणसाचं वजन ही त्याची खाजगी बाब नसून गावाची बाब आहे, असं छातीठोकपणे मानणारी व्यक्ती अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच असेल, आणि ती नेमकी माझी मावससासू निघाली. लग्नानंतर पहिल्यांदा आंजीला त्यांच्या पाया पडायला गेले, तेव्हा आशीर्वाद द्यायच्या आधी त्यांनी माझं मनगट दोन बोटांत धरलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "रक्त कमी हाये इचं. मेथी खाऊ घालत जाजो." मी मेली चांगली नटूनथटून, नवी पैठणी नेसून गेले होते. पैठणीकडे बाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही.

उभी हयात त्यांनी अंगणवाडी सेविका म्हणून काढली. पुढे सरकारने त्यांना निवृत्त केलं, पण ते त्यांना कुणी नीट समजावून सांगितलं नसावं. लेकरं नव्या बाईंच्या ताब्यात गेली, तशी मावशींनी गावातली सत्तरीपुढची माणसं धरली. त्यांची हजेरी सुरू झाली. नखं तपासणं सुरू झालं. "लेकरू अन् बुढा, दोघंबी पोटाचं खरं सांगत नाईत," हा त्यांचा सिद्धांत. म्हणून त्या कुणाला "जेवले का?" असं विचारतच नाहीत. त्यावर म्हातारी माणसं मान डोलावून मोकळी होतात. मावशी विचारतात, "कायच्या संगं जेवले?" मग समोरचा चाचपडतो, छताकडे बघतो आणि शेवटी कबूल करतो की चहासंगं. की पोचलीच मावशींची स्वारी त्याच्या चुलीशी, झाकणं उघडून बघायला.

एकदा मी त्यांच्यासोबत वर्ध्याच्या एका दवाखान्यात गेले होते. बरोबर गावातल्या दोन म्हाताऱ्या. मावशींच्या पिशवीत लाकडी पाट होता. बस आली की तो पायरीखाली ठेवायचा, एकेका बाईला वर चढवायचं, मग पाट उचलून स्वतः चढायचं. कंडक्टर करवादला, तर म्हणाल्या, "तुह्या मायले चढव बरं याच्यावर पाटाशिवाय. मंग बोल." पुढच्या फाट्यावर एक म्हातारी उभी दिसली, तर तो स्वतः खाली उतरून पाट धरून उभा राहिला. दवाखान्यात डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, जेवणानंतर तीनदा. मावशी जागच्या हलेनात. "डॉक्टरसाहेब, गोळी जेवनानंतर लिहून देता, पन जेवन कोन लिहून देईन? हे बाई एक खेप जेवते. दोन गोळ्या तिनं कायच्या नंतर घ्यायच्या?" डॉक्टर तरुण होते, भले होते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हातारीला पहिल्यांदाच नीट बसायला सांगितलं.

तर वजन. अंगणवाडीचा झुलता काटा लेकरांपुरता, त्याला म्हातारा टांगता येत नाही. मावशींनी मग गावातल्या कापसाच्या व्यापाऱ्याला गाठलं. त्याच्या अंगणात मोठा काटा. हंगाम सरला की तो रिकामाच. त्यावर दर महिन्याला सगळे म्हातारे-म्हाताऱ्या रांगेने चढायचे, काठी बाजूला ठेवून, चपला काढून. शेठ आकडा वाचायचे आणि मावशी वहीत लिहायच्या. एका महिन्यात शेठ कुठल्याशा लग्नाला गेलेले, म्हणून त्यांचा मापारी काट्याशी बसला. त्या दिवशी गावावर आकाशच कोसळलं. जो चढेल त्याचं वजन किलोभर तरी उतरलेलं! एकही सुटला नाही. मावशींनी वही मिटली आणि कपाळाला हात लावला. "गाव वाळून चाललं, अन् मी काय करून राह्यली होती?"

दुसऱ्याच दिवसापासून त्यांच्या अंगणात दुपारची पंगत सुरू झाली. कुणी पीठ आणलं, कुणी तुरीची डाळ, कुणाच्या वावरातली वांगी. वाढायला मावशी, आणि सुट्टीच्या दिवशी बोरगाव मेघेच्या आमच्या घरून आलेली, आयती सापडलेली मी. आठ-दहा दिवसांनी मापारी सहज तिकडून जात होता. भाकरीवर भाकरी रिचवणारी म्हातारी मंडळी पाहून त्याने विचारलं, काय कार्यक्रम आहे? मावशींनी सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "मावशी, थो किलो तं मी बारदान्याचा कापला ना! कापूस मोजून मोजून हात बसला."

कापसातून रिकाम्या पोत्याचं वजन वजा करतात, तसं माणसांना पोत्यात धरलं मेल्याने! हसून हसून आमची मुरकुंडी वळली. मावशींनी वही आणून सगळ्यांना एकेक किलो परत केला. आणि शेवटच्या नावावर त्यांचा हात थांबला. सगळ्यांचा एक किलो उतरला होता, त्याचे तीन. बारदान्याचा परत दिला तरी दोन किलो खरोखरच गेले होते.

ते नाव मोठ्या घरच्या काकाजींचं. काकाजी म्हणजे भरल्या घरचे शेतकरी, दारात ट्रॅक्टर, मुलगा पुण्याला इंजिनियर. वर्षापूर्वी काकू गेल्या आणि ते एकटे उरले. त्यांना कशाची कमी असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. मावशी त्यांच्या घरी जाऊन आल्या. तेलाचा डबा भरलेला, कणकेचा डबा भरलेला, आणि गॅसवर कोळ्याची जाळी धरलेली. या माणसाने जन्मात कधी चहासुद्धा केला नव्हता. बिस्किटं आणि मुरमुरे यांवर दिवस काढत होते, आणि कुणाला सांगायची लाज वाटत होती. मुलाला फोनवर रोज सांगायचे, झालं जेवण.

"पंगतीत याजा, काकाजी," मावशी म्हणाल्या. ते म्हणाले, भूक नसते. आता इथे लपवण्यासारखं काही नाही. आम्ही बौद्ध, मावशींचं घर बौद्धांच्या वस्तीतलं, आणि काकाजींनी त्या वस्तीत कधी पाणीसुद्धा घेतलेलं नव्हतं. मावशींच्या शेजारणीने त्यांना सरळ विचारलं, "काऊन वो, त्याच्या मांगं लागून राह्यली? मरू दे न!" मावशींनी वही तिच्या नाकासमोर धरली. "मले तं याच्यात जात लिवायचा रकानाच नाई दिला कोनी."

महिनाभराने काकाजींचा आणखी दीड किलो गेला. पंगत मात्र चालूच होती. अशाच एका दुपारी फाटक वाजलं. काकाजी उभे, सदरा खांद्यावरून ओघळलेला, हातात स्टीलचा डबा. म्हणाले, "घरून आनलं. नुसता बसतो." ते ओळीच्या टोकाला बसले, डबा आमच्यापासून आड धरून उघडला. तरी मला दिसलंच. मुरमुरे होते.

मावशी आपलं ताट घेऊन त्यांच्या समोर बसल्या. न खाणाऱ्या लेकरासमोर बसायच्या तशाच. जेवू लागल्या. त्यांची अर्धी भाकरी संपली तेव्हा काकाजीच खाली बघत म्हणाले, "माह्या पोराले तुह्या अंगनवाडीत डबा देऊन धाडत होतो मी. तिथची खिचडी खाऊ नको म्हनून."

"मले मालूम हाये," मावशी म्हणाल्या. "डबा थो कुत्र्याले घाले. अन् खिचडी दोनदा मांगे."

काकाजींच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला आधी वाटलं ते रडतात, पण ते हसत होते, आणि मग खरंच रडत होते. डोळे पुसून त्यांनी रिकामा हात पुढे केला. मावशींनी त्या हातावर भाकरी ठेवली, वर वांग्याची भाजी. मी भांडी आणायच्या निमित्ताने आत निघून गेले.

पावसाळा सरेपर्यंत काकाजींचं गेलेलं सगळं वजन परत आलं. मग मुलाला हे कळलं, तो धावत आला, मावशींच्या पाया पडला आणि वडिलांना पुण्याला घेऊन गेला. चांगलंच केलं त्याने. घरात स्वयंपाकाला बाई आहे, डॉक्टर इमारतीखाली आहे, वजनाचा काटा न्हाणीघरात आहे. काकाजी दर महिन्याला फोन करून आकडा सांगतात आणि मावशी लिहून घेतात. परवा सांगितला तो किलोभराने कमी होता.

"पोरगं, सून दिवसभर कामावर," मावशी मला म्हणाल्या. "बाई सैपाक झाकून जाते. सगळं हाये वो तिथं. पन समोर कोन बसते?"

आता रोज दुपारी बारा वाजता त्या पुण्याला व्हिडिओ फोन लावतात आणि तो लोट्याला टेकवून आपल्या ताटासमोर उभा करतात. गप्पा फारशा होत नाहीत. मध्येच मावशी विचारतात, "आज कायच्या संगं?" तिकडून काकाजी भाजीचं नाव सांगतात. मग दोघं आपापलं जेवतात, आणि काकाजींची भाकरी संपेपर्यंत मावशी ताटावरून उठत नाहीत.