साडूंनी काढलेला माझ्या रागाचा आलेख

आमच्या साडूंइतका निरुपद्रवी माणूस बुऱ्हाणपुरात दुसरा नाही आणि त्यांच्याइतका उपद्रव मला कोणी दिलेला नाही. जन्मभर त्यांनी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर विद्यार्थी संपले, नातेवाईक उरले. जिलबी घ्यायची तर आधी प्रत्येक दुकानातली एकेक खाऊन बघणार, त्याला ‘नमुना’ म्हणणार. पोट बिघडलं तेव्हा म्हणाले, "चला, नमुना पुरेसा मोठा होता." एकदा मे महिन्यात माझी बायको म्हणाली, "जिजाजी, आज कालच्या दुप्पट उकाडा आहे." झालं. "दुप्पट नाही म्हणता येणार. तापमापकातला शून्य माणसानं सोयीनं ठेवलाय. दुप्पट म्हणायला खरा शून्य लागतो, म्हणजे काहीच नाही असा. केळी दुप्पट असतात, उकाडा नाही." बायकोनं त्यांच्यापुढे केळी ठेवली आणि पंखा स्वतःकडे वळवला.

मी सायकलला गठ्ठे बांधून दापोरा, जसोंडीला लुगडी विकत वर आलेला माणूस. आवाज चढल्याशिवाय भाव उतरत नाही, हे माझं शास्त्र. साडू दुपारभर माझ्या गल्ल्याशेजारी बसून गिऱ्हाइकांना विचारायचे, "दुकानदार कसा वाटला? शांत, तापट की अतितापट?" दापोऱ्याची एक बाई म्हणाली, "मास्तर, लुगडं दाखवा. स्वभाव घरी आहे एक."

मग शाहपूरची मंडळी माझ्या मुलीला बघायला आली. पोरीला मुलगा मनापासून आवडला होता, म्हणून मी सकाळपासून तोंड शिवून बसलो होतो. पोहे खाताखाता मुलाच्या वडिलांनी विचारलंच, "शेठ गरम डोक्याचे आहेत, असं ऐकलं. घरात पण तसंच का? पोरगी धाकात वाढलेली नको हो आम्हाला."

साडूंचा चेहरा खुलला. त्यांनी पिशवीतून कागद काढून सतरंजीवर पसरला. माझ्या रागाचा स्तंभालेख! ‘दलालांवर’ हा स्तंभ इतका उंच की वर दुसरा कागद चिकटवलेला. ‘गिऱ्हाइकांवर’ थोडा बुटका. ‘साडूंवर’ खास लाल रंगात. "हे किती वेळा रागावले, तेवढंच आहे," साडू नम्रपणे म्हणाले, "किती रागावले, ते मोजायचं साधन नाही." मी तो लाल स्तंभ तिथल्या तिथे वाढवणार होतो. बायकोनं माझं धोतर धरून ठेवलं.

पाहुण्यांनी कडेच्या जागेवर बोट ठेवलं. खाली ‘मुलीवर’ लिहिलेलं, वर काहीच नाही. "इथलं मोजायचं राहिलं का?"

"नाही. ती रांगत होती तेव्हापासून या घरात येतोय. हा खरा शून्य आहे."

पाहुण्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "तारीख काढा."

स्थळ जमलं, पण चारचौघांत माझी अब्रू मांडली ती मांडलीच. साडूंना मी माफ केलेलं नाही. पोरगी शाहपूरला सुखात आहे. संध्याकाळी दुकान बंद करून घरी आलो की साडू ओसरीवर बसलेले असतात. आतून आता कोणी पाणी घेऊन धावत येत नाही. परवा मी मुद्दाम म्हणालो, "मास्तर, आज घरात दुप्पट उकाडा वाटतोय." आता सुरू होतील, म्हणून मी भांडायच्या तयारीनं बसलो.

"असेल," साडू म्हणाले आणि त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला.