झारचा हुकूम आणि कुरियनसाहेब

मी मराठा पलटणीतला निवृत्त सुभेदार. सध्या मुक्काम जपानात, इचिकावाला, मुलाकडे. पहाटे डोळा उघडतो, पण इथे ना फॉल-इन, ना परेड. कचरा वेगवेगळा करून खाली ठेवणं एवढीच ड्युटी. ती मात्र चोख करतो.

गेल्या रविवारी नात इरा जवळ येऊन बसली. शाळेत तिला रशियन क्रांतीची कारणं सांगायची होती. महायुद्ध चालू, राजधानीत पावासाठी बायकांच्या रांगा, आघाडीवर शिपायांचे हाल, आणि राजा, म्हणजे झार, लांब लष्करी तळावर. लोक रस्त्यावर आले. गोळीबाराचा हुकूम सुटला आणि शिपाईच लोकांना जाऊन मिळाले. सगळं पाठ होतं पोरीला.

"देमो, आजोबा," ती म्हणाली. तिचा 'पण' नेहमी जपानीत येतो. "ऑर्डर इज ऑर्डर, तुम्हीच म्हणता ना? मग सोल्जर्सनी का नाही ऐकलं? भूक लागली म्हणून?"

"नुसत्या भुकेनं जवान फिरत नाही गं. भूक आम्हीपण काढलीय."

मी तिला सांगू लागलो. तेव्हा मी नाईक होतो, बर्फातल्या पोस्टवर रेडिओ ऑपरेटर. वादळानं वाट बंद, हेलिकॉप्टर नाही, रेशन संपत आलेलं. खाली बेसवर आमचे कंपनी कमांडर मेजर कुरियन. माणूस केरळचा, पण आमच्यासाठी मराठी शिकलेला. रोज संध्याकाळी सेटवर त्यांचा पहिला प्रश्न, "जेवला का सगळे? ओव्हर."

त्या दिवशी आम्ही बिस्किटं वाटून खाल्ली होती. पोस्टचे सुभेदारसाहेब माझ्या कानात म्हणाले, "डाळ-रोटी सांग. खरं कळलं तर हा वेडा स्वतः चढेल."

"जेवलो साहेब. डाळ-रोटी. ओव्हर."

"बरं. आउट."

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब पोस्टवर हजर! पाठीवर पिठाची गोणी, मागे चार जवान.

"साहेब, कळलं कसं तुम्हाला?"

"अरे, पोट भरलेला मराठा आधी तक्रार करतो. मीठ कमी, रोटी कच्ची. काल कोणी तक्रार नाही केला."

आम्ही पोट धरून हसलो. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. रिवाजाप्रमाणे सगळे जवान जेवल्यावरच साहेब जेवले.

ते परत उतरताना, आमच्या डोळ्यांदेखत, बर्फाचा कडा सुटला. चौघे बाजूला फेकले गेले. साहेब दिसेनात.

आम्ही फावडी उचलली. तेवढ्यात सेटवर बेसचा आवाज आला, "आणखी बर्फ सुटण्याचा धोका आहे. कोणीही पोस्ट सोडायची नाही. ओव्हर."

सुभेदारसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. सगळे उतरलो.

"झारला इशारे मिळाले होते, इरा. त्यानं ते उडवून लावले. शिपायांना कळून चुकलं, आपण मेलो काय, जगलो काय, याला सोयरसुतक नाही. म्हणून त्यांनी हुकूम मोडला. हुकूम आम्हीही मोडला. आम्हाला जीव लावणारा माणूस बर्फाखाली होता."

"सापडले?"

"सापडले. सुभेदारसाहेबांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, हात चोळत राहिले. श्वास नव्हता."

माझा हात धरून इरा हळूच म्हणाली, "केवढे होते ते?"

"तुझ्या बाबापेक्षा लहान," मी म्हटलं.