शेवंताबाईंचा संगणक भारतातच आहे

सर्व संबंधितांस, विशेषतः सिंदेवाहीच्या तहसील कचेरीसमोर अर्ज टाइप करून घ्यायला येणाऱ्या तमाम जनतेस, याद्वारे अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, शेवंताबाई मेश्राम यांच्या दुकानातील संगणक भारतातच आहे. तो अमेरिकेत नाही. मध्यंतरी तो काही मिनिटे जमैकात होता, परंतु तेथून सुखरूप परत आलेला आहे. यापुढे कोणीही परस्पर त्याची भाषा बदलू नये. बदलल्यास होणाऱ्या परिणामांस बदलणारा जबाबदार राहील.

ही जाहीर सूचना माझी नाही, शेवंताबाईंची आहे. त्यांच्या संगणकाच्या पडद्याखाली ती आजही चिकटवलेली आहे. खाली त्यांची सही आहे आणि सहीशेजारी गोल शिक्का. शिक्का म्हणजे सोड्याच्या बाटलीचं झाकण शाईत बुडवून मारलेला ठसा. झाकण माझ्याच दुकानातून नेलं होतं, परत दिलं नाही.

त्यांचं टायपिंगचं दुकान आणि माझं झेरॉक्सचं, यांच्यामध्ये पत्र्याची एकच भिंत. वीस वर्षं रोज सकाळी त्या भिंतीपलीकडून आधी शटरचा आवाज यायचा आणि मग प्रश्न, "अरुणभाऊ, लाइट हाय का जी तुमच्याकडे?" दोन्ही दुकानांचा मीटर एकच, तरी विचारायच्या. मीही रोज उठून बटण दाबून बघायचो आणि "हाय जी" म्हणून कळवायचो. सहा आठवड्यांपूर्वीच्या एका मंगळवारी लाइट होती, प्रश्न आला नाही. साडेदहाला त्यांच्या भावाचा फोन आला. रात्री जेवून झोपल्या, त्या उठल्याच नाहीत... मी फोन ठेवला आणि काय करावं ते न सुचून उगाच बटण दाबून बघितलं.

शेवंताबाई ढिवरांच्या. वडील तळ्यात मासे धरायचे. त्यांच्याबद्दल त्या सांगायच्या, "बा पान्यात उतरला का पायानंच सांगे, खाली गाळ हाय का दगड हाय. मी बोटानं सांगतो." आणि खरंच सांगायच्या. समोरचा माणूस आपली तक्रार सांगत असताना त्यांची नजर त्याच्यावर आणि बोटं आपली खाली चालूच. जुन्या खटखट मशीनवर टाइप करायच्या तेव्हापासूनचा त्यांचा नियम होता की एक चूक झाली तर पान फाडायचं आणि नवं घ्यायचं. खाडाखोड केलेला कागद त्यांच्या दुकानातून बाहेर गेला नाही. मी एकदा म्हटलं, "बाई, एका अक्षरासाठी पान फाडता?" तर म्हणाल्या, "भाऊ, गरिबाच्या अर्जात खाडाखोड दिसली का साहेबाले कारन भेटते."

म्हणून संगणक आला तेव्हा त्यांचं कसं झालं असेल बघा. आयुष्यभर स्वच्छ कागद देणारी बाई, आणि हे यंत्र तिच्या डोळ्यांदेखत शब्दाशब्दाखाली लाल नागमोडी रेघ ओढतंय. मजूर या अर्थाचा 'लेबर' हा इंग्रजी शब्द त्या शिकल्या तसा, म्हणजे 'यू' घालून लिहिला की लाल. लाख लिहिलं, लाल. पंचायत लिहिली, लाल. बिचाऱ्या महिनाभर यंत्राचं ऐकत गेल्या. ते म्हणेल तसं बदलत गेल्या. मग एका साहेबाने तोच बदललेला अर्ज लाल पेनाने खुणा करून परत पाठवला. आत यंत्राचं लाल, बाहेर साहेबाचं लाल. त्या दिवशी पत्र्यापलीकडून आवाज आला, तोही हळू, "अरुणभाऊ, माह्यं इंग्रजी बिघडलं वाटते जी." त्यानंतर त्यांनी रेघांकडे बघणं सोडून दिलं. पण मी त्यांना ओळखत होतो. न बघण्याचाही त्यांना त्रास होता.

आणि मग एका सोमवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, इरुकटोल्याचा देवाजी कुमरे पाच माणसं घेऊन दुकानात आला.

इरुकटोला हे जंगलातलं एकतीस घरांचं गाव. मोहाची झाडं, तीन बांध, एक बोअरवेल. त्या जंगलात दगडाची खाण निघायची होती आणि खाणीच्या कागदांत लिहिलं होतं की त्या जागेत वस्ती नाही. एकतीस घरं, त्यातली माणसं, कोंबड्या, त्यांचा देव, सगळे त्या एका वाक्यात गायब. मराठीतल्या दोन हरकती जाऊन वर्ष झालं होतं, उत्तर नव्हतं. कोणीतरी सांगितलं, दिल्लीला इंग्रजीत पाठवा. मुदत संपत आली होती. पोस्टाची थैली तीनला निघायची, आणि त्या थैलीत कागद गेला नाही तर वस्ती नाही म्हणजे नाहीच.

शेवंताबाईंनी तासाभरात हरकत लिहून काढली. काय लिहिली होती! मी झेरॉक्स सोडून ऐकायला उभा राहिलो. त्या एकेक वाक्य मराठीत सांगायच्या, देवाजी मान हलवायचा आणि मागचे पाच जण त्याच्याकडे बघून मान हलवायचे. गावाचा रिवाज असा की पहिला अंगठा देवाजीचा, मग बाकीच्यांचे. बाईंनी कागद छापून पुढे ठेवला आणि मी शाईचं पॅड उघडून तयार ठेवलं. देवाजीने अंगठा शाईला लावला, तो वर केला, आणि तसाच थांबला. त्याची नजर पडद्यावर गेली होती.

"बाई, हे खाली लाल काय हाय?"

"काई नाई जी. मशीनची रेघ हाय."

"कोनाच्या नावाखाली हाय?"

शेवंताबाईंना खोटं बोलता यायचं नाही. म्हणाल्या, "गावाच्या."

देवाजीने अंगठा धोतराला पुसून टाकला.

आता हे सिंदेवाहीच्या बाजारातल्या माणसाला कळणार नाही, मला तरी कुठे कळलं होतं! पण जंगलात राहणाऱ्याला विचारा. तोडायचं झाड आधी खुणेचं होतं. त्याच्या खोडावर पट्टा मारतात, आणि ज्या झाडाला पट्टा, ते झाड पडतं. देवाजीने जन्मभर हेच पाहिलं होतं. त्याच्या लेखी या यंत्राने इरुकटोल्याला पाच ठिकाणी पट्टा मारला होता आणि आम्ही त्यावर त्याच्याच गावाचा अंगठा मागत होतो.

"ही रेघ छपत नाई जी," बाई म्हणाल्या. "कागदावर येतच नाई."

"जंगलातबी आधी पट्टाच मारते, बाई. तोडनारे मागून येते."

मी पुढे होऊन पडद्यावर हात ठेवला, म्हटलं, "हे बघा देवाजीभाऊ, गेलं." त्याने माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मला आजही आठवलं की घाम येतो. "तुमच्या हाताखाली हाय थो, भाऊ. मले दिसते." घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. मागचे पाच जण पायरीवर जाऊन बसले. त्यांच्यापुरता विषय संपला होता.

शेवंताबाईंनी चष्मा पुसला. मग वर्षभर ज्या रेघांकडे त्या बघत नव्हत्या, त्यांच्याकडे डोळे लावून बसल्या. वर बघितलं, बाजूला बघितलं, खाली बघितलं... आणि पडद्याच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं त्यांना दिसलं. त्या जागच्या उठल्याच.

"अरुणभाऊ! हे मशीन अमेरिकेचं इंग्रजी तपासून राह्यलं!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! वरीसभर मी इथी बसून अमेरिकेच्या मास्तरच्या हातचा मार खाऊन राह्यली!"

तिथे टिचकी मारल्यावर यादी उघडली. जगात इतक्या इंग्रज्या आहेत हे आम्हा दोघांनाही त्या दिवशी कळलं. ऑस्ट्रेलियाची वेगळी, आयर्लंडची वेगळी, झिम्बाब्वेची वेगळी. बाईंनी रागारागाने टिचकी मारली, माउस घसरला आणि इरुकटोल्याची हरकत जमैकात गेली. मला तर वाटलं आता सगळं पान लाल होणार. पण मजुरांच्या शब्दाखालची रेघ पटकन नाहीशी झाली. शेवंताबाईंचा चेहरा मी विसरणार नाही. "पाहा जी, जमैकावाल्याइले बी माह्यं इंग्रजी चालते! बिघडलं नव्हतं!" मी म्हटलं, "बाई, दोन पंचवीस झाले, जमैकातून निघा." मग त्यांनी नीट नेम धरून भारत निवडला. लाखाखालची रेघ गेली, पंचायतीखालची गेली. एकेक लाल रेघ विझत गेली आणि पान धुतल्यासारखं झालं.

फक्त इरुकटोला राहिलं. पाचही ठिकाणी लाल.

भारताच्या इंग्रजीलाही गाव माहीत नव्हतं. देवाजी मागे येऊन उभा होता. म्हणाला, "सगळ्याइचे पट्टे पुसले, आमचाच ठेवला." शेवंताबाईंनी त्या नावावर उजवी टिचकी मारली. यंत्राने गावाला तीन दुसरी नावं सुचवली. त्यांनी वाचून दाखवली, तेव्हा देवाजी उसळला, "काऊन बदलाचं नाव? गाव का लग्नाची पोरगी हाय?" पण यादीच्या खाली एक ओळ होती, शब्दकोशात घाला अशा अर्थाची. बाईंनी बाण तिथे नेला आणि हात काढून घेतला. "बटन तुम्ही दाबा, देवाजीभाऊ. गाव तुमचं हाय."

देवाजीने बोट धोतराला पुसलं. मग, मूठभर बी पेरण्याआधी माणूस थांबतो तसा थांबला... आणि दाबलं. पाचही रेघा एकदम गेल्या.

वाकून त्याने यंत्राच्या मागे जाऊन पाहिलं, तिथे कुठे निघून गेल्या काय म्हणून. मग माझ्याकडे हात पुढे केला, "आन थे शाई." देवाजीचा अंगठा उमटला तसे पायरीवरचे पाचही उठले. दोन पन्नासला मी तो लिफाफा घेऊन पोस्टाकडे पळालो. वाटेत डाव्या पायातली चप्पल तुटली, ती तिथेच सोडली. थैलीचं तोंड बांधत असलेल्या माणसाला मी दारातूनच अशी आरोळी दिली की त्याच्या हातातली दोरी सुटली. परत आलो तेव्हा बाई बाटलीचं झाकण शाईत बुडवत होत्या. वर दिलेली सूचना त्या दुपारची आहे.

त्यानंतर दुकानात एक नवा रिवाजच पडला. कोणाचंही नाव लाल झालं की शेवंताबाई खुर्ची सरकवून म्हणायच्या, "या, दाबा बटन." लोक आपलं आडनाव स्वतः भरायचे, आपला टोला म्हणजे वस्ती, आपलं तळं. एका म्हातारीने हरवलेल्या बकरीचं नाव भरलं आणि बकरी सापडल्यावर ते काढू नका म्हणून सांगायला पुन्हा आली. मी चिडवायचो, "बाई, हा संगणक आहे का मतदारयादी?" त्या म्हणायच्या, "यादीत मानूस सुटते, भाऊ. इथी नाई सुटत."

गेल्या गुरुवारी देवाजी आला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पत्र हातात होतं आणि तो थेट पलीकडच्या बंद शटरसमोर जाऊन उभा राहिला. "अरुणभाऊ, बाई कोठी हाय?" जंगलात बातमी पोचली नव्हती. मी सांगितलं. तो तिथल्या बाकावर बसला. मग पिशवी माझ्यापुढे धरली. "शटर खोला. तिच्या दुकानात वाचा."

बाईंच्या भावाने चावी माझ्याकडेच ठेवली आहे. मी शटर वर केलं आणि त्यांच्या खुर्चीशेजारी उभा राहून पत्र वाचलं. दिल्लीचं होतं. इरुकटोल्यात वस्ती असल्याचं मान्य करून गाव आणि गावाचं जंगल खाणीतून वगळलं होतं. मी दुसऱ्यांदा वाचलं, माझाच विश्वास बसेना. देवाजीने विचारलं, "गावाचं नाव हाय?" म्हटलं, तीनदा आहे. "लाल?" म्हटलं, काळ्या शाईत, ठळक. तेव्हा तो जो हसला, समोर कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं वळून बघायला लागली!

मग म्हणाला, आभाराचं पत्र लिहायचं. इंग्रजीत, बाईच्याच मशीनवर, आणि खाली लिहायचं की पहिला कागद शेवंताबाई मेश्राम यांनी टाइप केला. मी संगणक सुरू केला. माझी टायपिंगची गती बैलगाडीची, पण पत्र झालं. इरुकटोला लिहिलं, रेघ आली नाही. कुमरे लिहिलं, आली नाही. शेवटी बाईंचं नाव लिहिलं. मेश्राम स्वच्छ होतं, या तालुक्यातल्या मेश्रामांनी ते केव्हाच भरून ठेवलं होतं. आणि शेवंता या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ उमटली.

बकरीलाही जागा दिली होती बाईंनी. स्वतःला दिली नव्हती. ती सूचना हाताने मराठीत लिहिलेली, पण कुठल्या इंग्रजी कागदावर आपलं नाव घालायची वेळच आणली नव्हती त्यांनी.

मी माउसकडे हात नेला. देवाजीने तो बाजूला सारला. बाण कुठे न्यायचा हे त्याला सांगावं लागलं नाही. तेच बोट त्याने धोतराला पुसलं, तसाच थांबला, आणि दाबलं. रेघ गेली. मग तो दारात जाऊन उभा राहिला आणि समोरच्या सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असा ओरडला, "पुसला पट्टा! आता कोन पाडते बाईले, पाहूच!"