बटण चालू ठेवायची सवय

आमच्या आळे गावात काम चालू असताना लाईट गेली, तर बटण कोणी बंद करत नाही. बटण चालूच ठेवायचं, म्हणजे लाईट आली की मशीन घरघरतं आणि माणूस चुलीपाशी असला तरी त्याला कळतं. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मी आणि माझी सासू गोठ्यात कुट्टी मशीनवर म्हशींसाठी मका कापत होतो. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. मी वैरण आत सारत होते, बटण आत्यांच्या हाताशी होतं. लाईट गेली. आत्या शेण भरायला गेल्या. मशीनच्या तोंडात मका अडकला होता, तो काढायला मी उजवा हात आत घातला आणि लाईट आली.

तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

दवाखान्यातून घरी आले तेव्हापासून डोक्यात एकच वाक्य सुरू झालं. तिने बटण बंद केलं असतं तर. सकाळी डोळा उघडला की ते हजर. भाकरी थापायला बसले की ती कडेला फाटायची, आणि पुन्हा तेच. वेणी घालता येईना म्हणून केस कापून टाकले, तेव्हा कात्रीच्या आवाजातही तेच. नवऱ्यापाशी बोलले, तर तो म्हणाला, "अगं, आपल्यात कोणीच बंद करत न्हाई. तू तरी बघितलं व्हतं का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचं खरं होतं म्हणूनच गेली.

आणि आत्या! चुकलं म्हणून एक शब्द नाही. उलट मी गोठ्यात पाऊल टाकलं की मशीन बंद करायच्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. मी बाहेर पडले की पुन्हा घरघर सुरू. हात माझा गेला आणि रुसवा हिचा, असं मी मनात म्हणायचे. कधीकधी मोठ्यानेही म्हणायचे, त्यांना ऐकू जाईल असं.

धाकटी बहीण अवसरीला दिलेली आहे. तिने मोबाईलवर व्हिडिओ पाठवले. "ताई, लई फरक पडतो, करून तर बघ." त्यात एक बाई गोड आवाजात सांगायची, रोज सकाळी आरशासमोर उभं राहून म्हणा, मी सर्वांना क्षमा केली, मी आनंदात आहे. आरशात स्वतःशी बोलायची मला लाज वाटे, म्हणून मी म्हशीसमोर म्हणायचे. म्हैस रवंथ करत ऐकून घ्यायची. तिला पटत असावं. मला नाही पटलं. क्षमा हा शब्द तोंडातून जातो न जातो तोच बटण आठवायचं. सुंभ जळाला तरी पीळ काही जाईना.

एकदा मळ्यातल्या विहिरीवर गेले आणि खाली पाण्याकडे बघत उभी राहिले. डोक्यातलं ते वाक्य थांबावं, कसंही थांबावं, एवढंच मला हवं होतं. मग माझी मलाच भीती वाटली आणि धावत घरी आले. हे मी कोणाला सांगितलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी लाईट गेली होती. म्हशी ओरडायला लागल्या म्हणून मी गोठ्यात गेले. आत्या मशीनपाशी पालथ्या घमेल्यावर बसल्या होत्या. बटण बंद होतं आणि त्यावर त्यांनी तळहात दाबून धरला होता. घामाने लुगडं भिजलेलं. तेवढ्यात शेजारच्या घरात टीव्ही सुरू झाला.

"आत्या, लाईट आली."

"यीऊ दे."

"म्हशी उपाशी आहेत. चालू करा की."

"तू जा आदी भाईर. तू हितं असताना मी न्हाई लावायची."

मी तिथेच उभी राहिले. दोन वर्षं ही बाई मला बघून मशीन बंद करत होती, आणि ते सगळं मी तिच्या रुसव्याच्या खात्यावर मांडत आले होते. पण तोंडातून माफीबिफीचं काही निघालं नाही. मला रागच आला. मी मक्याची पेंढी डाव्या हाताने उचलली.

"मी आत सारते. तुम्ही दाबा बटण."

"नगं गं पोरी. माजा हात पापी हाय."

"दाबा म्हणते ना!" मी एवढ्या जोरात ओरडले की म्हशी गप्प झाल्या.

त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं. मशीन सुरू झालं. पेंढी संपेपर्यंत मी हटले नाही. शेवटचं धाट गेल्याबरोबर त्यांनी बटण बंद केलं, मग भिंतीतली पिनही उपसली. माझ्याकडे आल्या आणि पदराआड लपवलेला माझा उजवा हात त्यांनी बाहेर काढला. तो हात त्यांनी पहिल्यांदाच नीट बघितला.

"दुकतं का गं?"

दोन वर्षं मी या बाईला द्यायची उत्तरं तयार करत होते. एकाहून एक जहरी.

"थंडीत दुखतं," मी म्हणाले.