रंगवलेलं गाडगं

हे मी आमच्या ह्यांनाही कधी सांगितलं नाही. हे होते तोवर धीर झाला नाही, आणि आता सांगायला हे नाहीत. मुलींना तर नाहीच नाही. त्यांच्या लेखी आई म्हणजे फुलझाडांची मोठी जाणकार. नात्यात कुणाला गॅलरीत कुंड्या लावायच्या झाल्या की मला बोलावणं येतं. मी जाते, चार सल्ले देते, चहा पिऊन येते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. तेच बरं.

गोष्ट तशी छोटी आहे. एक खिडकी, एक खोकं, थोडं पाणी. छोटी? बघा, इतक्या वर्षांनी मी अजून तिला छोटीच म्हणतेय.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा होता. आम्ही केडगावात अण्णांच्या खोलीत भाड्यानं राहायचो. अण्णा म्हणजे घरमालक. शेतकरी माणूस, रस्त्याकडेला चार खोल्या बांधून भाड्यानं दिलेल्या, अंगणापलीकडं त्यांचं घर आणि गोठा. हे नागापूरला एका कारखान्यात होते, सायकलीवर जायचे. नळाला सकाळी अर्धा तास पाणी, तेही करंगळीएवढं. अंगणात अण्णांचा हौद होता, वर पत्रा टाकलेला. विहिरीच्या तळाला जे काही उरलं होतं ते उपसून त्यात साठवलेलं. ते फक्त बैलांसाठी. त्याला कुणी हात लावायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

आणि अशा दिवसांत मला काय सुचावं? तर खिडकीत फुलं!

झालं असं, की आमच्या महिला मंडळानं खिडकी सजवायची स्पर्धा ठेवली. दुष्काळात कसल्या सजावटी, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. कुणी म्हणालं नाही. मी तर उड्याच मारल्या. माझं माहेर नगरातलं, दारात पारिजातक, मागं जुई. लग्न होऊन या खोलीत आले तेव्हापासून एक बोडकी खिडकी बघत होते. वाटलं, आता दाखवतेच. कुणाला दाखवायचं होतं, देव जाणे.

नगरच्या लष्करी कॅम्पातल्या बंगल्यांना खिडक्यांखाली लाकडी पेट्या असायच्या, रंगीत फुलांनी भरलेल्या. मी मुद्दाम वाकडी वाट करून बघून आले. दोनदा! मग ह्यांच्या मागं लागून कारखान्यातलं टाकाऊ खोकं आणवलं, खिळे ठोकून खिडकीखाली बसवलं, हिरवा ऑइलपेंट लावला. दिसायला झकास. आत झेंडू, सदाफुली, चिनी गुलाब लावले. आठ दिवसांत सगळं वाळून कोळ. खिडकी पश्चिमेची, घोटभर पाण्यानं काय होणार?

आता भामाचं सांगते. टाळत होते, पण सांगायलाच हवं.

भामा कोपऱ्यातल्या खोलीत राहायची. कर्जतकडची, माझ्याच वयाची, पदरात दोन लेकरं. गावाकडं ती आणि नवरा दुष्काळी कामावर खडी फोडत होते. नवऱ्याला नागापूरला हमालीचं काम मिळालं, अण्णांनी खोली दिली, आणि घर एका जागी आलं. आल्या आल्या ती मला म्हणाली होती, "लेकरांच्या हातात आता दगूड न्हाई, वैनी. लई झालं." ती खोली गेली तर काय होईल हे तिला ठाऊक होतं. मलाही. हे लक्षात ठेवा.

तिच्या खिडकीत तेलाचा आडवा कापलेला डबा होता. गंजका, रंगबिंग काही नाही. आणि त्यात सदाफुली अशी फुललेली, की मी जागच्या जागी थांबले. म्हटलं, अगं बाई, हे कशावर? तिनं हसून माती बाजूला केली. मधोमध एक छोटं गाडगं गळ्यापर्यंत पुरलेलं, तोंडावर करवंटी. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी त्यात ओतायचं. मातीचं गाडगं हळूहळू झिरपतं आणि मुळांना हवं तेवढंच पाणी मिळतं. उन्हाला काही सापडत नाही. तिची आई परसात वांग्याची रोपं अशीच जगवायची म्हणे.

मी घरी आले आणि तेच केलं. चोरी म्हणाल? नाही, ती नंतरची. शिकण्यात काय वाईट? पण मंडळाच्या बैठकीत अध्यक्षीणबाईंनी पेटीची चौकशी केली, तेव्हा मी गाडग्याची युक्ती सांगितली आणि म्हटलं — मला सुचली. का म्हटलं? भामाचं नाव ओठावर आलंच होतं. पण कॅम्पातले बंगले बघून आलेल्या बाईनं हमालाच्या बायकोकडून शिकले म्हणायचं? जीभ वळली नाही. बायकांनी वाहवा केली, मी घेतली.

आणि गंमत बघा — माझं गाडगं काही चालेना. पाणी घालावं तर तसंच आत, आणि माती कोरडी ठाक. झाडं माना टाकायला लागली. भामाला विचारायचं तर चार पावलांवर होती. पण युक्ती माझी म्हणून गावभर सांगून बसले होते, विचारू कशी? स्पर्धा तीन आठवड्यांवर आलेली.

दुपारी सगळे दारं लावून पडायचे. अशा एका दुपारी मी हौदाचा पत्रा सरकवला आणि तांब्याभर पाणी घेतलं. दुसऱ्या दिवशी दोन तांबे. मग कळशी. गोठ्यातून बैल बघायचे. त्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी दशा. मी मान खाली घालून पाणी न्यायची आणि चिनी गुलाबाला घालायची. हे मी केलं. दहा-बारा दिवस रोज केलं.

अण्णांनी हौदाच्या आतून कोळशानं रेघ मारून ठेवली होती. मला काय माहीत! एका सकाळी नळावर सगळ्या बायका असताना ते आले. रेघेखाली चार बोटं पाणी गेलेलं. ओरडले नाहीत. खिडक्यांकडं बघून एवढंच म्हणाले, "साऱ्या केडगावात हिरवं पान न्हाई. ह्या दोन खिडक्या कशाच्या पान्यावर फुलल्यात?"

कुणी बोलायच्या आत मी बोलले. मला कुणी विचारलंही नव्हतं. म्हटलं, "अण्णा, माझ्या पेटीत गाडगं पुरलंय. तांदूळ-भाजी धुतलेल्या पाण्यावर चालतं. मंडळात विचारा, सगळ्यांना माहितेय." दोघी-तिघींनी माना डोलावल्या. व्हय, वैनींचीच युक्ती.

मग अण्णा भामाकडं वळले. ती म्हणाली, "माजं बी गाडगंच हाय, अण्णा." पळत जाऊन तिनं माती उकरली, गाडगं वर काढून दाखवलं. ओलं, पाझरत असलेलं. पण आता ते कोण खरं मानणार? कुणीतरी फिसकन हसलं. अण्णा म्हणाले, "हे तर वैनीचं हाय. त्यांचं बघून तू ठेवलंस. तू तुजं सांग."

तिचं खरं मी आधीच खर्चून टाकलं होतं. तिच्याकडं सांगायला दुसरं काहीच उरलं नव्हतं.

भामानं माझ्याकडं बघितलं. मी हंड्याचा गळा धुवायला लागले. स्वच्छ होता तो. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगू? तिचा रागही येत होता. कशाला बघते अशी, म्हणून. एक वाक्य बोलायचं होतं. बोलले असते तर काय झालं असतं? आम्हाला खोली सोडावी लागली असती. ह्यांना दुसरी मिळालीही असती. हे सगळं मला त्या क्षणी समजत होतं.

अण्णांनी तिला दोन दिवसांत खोली रिकामी करायला सांगितलं. बैलांच्या तोंडचं पाणी चोरणाऱ्याला दुसरं कोण ठेवणार? केडगावात तिला कुठं जागा मिळाली नाही. नवरा नागापूरला गोदामाच्या शेडमध्ये राहिला. ती लेकरांना घेऊन कर्जतकडं निघाली. पुन्हा खडीवर.

निघताना ती माझ्या दाराशी आली. मी आत होते, ती माझ्या पेटीजवळ उभी होती. बोट घालून तिनं गाडग्याची कड चाचपली. मी बाहेर आले. वाटलं आता बोलेल, चार बायका ऐकतील असं बोलेल. ती हळूच म्हणाली, "वैनी, गाडग्याचा रंग खरवडा. रंगवलेलं गाडगं झिरपत न्हाई."

पेटीला मिळतंजुळतं दिसावं म्हणून मी गाडग्यालाही बाहेरून हिरवा ऑइलपेंट लावला होता.

म्हणजे तिला कळलं होतं. माझ्या गाडग्यातून थेंब बाहेर येत नाही, तरी माती ओली आहे, हे तिनं बघितलं होतं. त्याचा अर्थ न कळायला ती काही खुळी नव्हती. अण्णा हाकेच्या अंतरावर गोठ्यात होते. तिनं हाक मारली नाही. बोचकं डोक्यावर घेतलं, धाकट्याचा हात धरला आणि पुणे रस्त्याकडं गेली. त्यानंतर मी तिला कधी पाहिलं नाही. शोधलंही नाही.

त्या दुपारी मी गाडगं उपसून काढलं आणि विळीच्या पात्यानं रंग खरवडला. तिसऱ्या दिवशी माती आपोआप ओली झाली. हौदाकडं जायची गरज उरली नाही.

आठवड्यानं स्पर्धा झाली. पहिला नंबर माझा. अध्यक्षीणबाईंनी स्टीलचा डबा हातात दिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, ही कल्पना तुम्हाला सुचली तरी कशी?

मी म्हटलं, सहज सुचली.