वाकड्या चालीचा ट्रक

ज्याचं वाटोळं व्हावं म्हणून मी दहा वर्षं मनापासून झटलो असा माझ्या आयुष्यात एकच माणूस होऊन गेला. तो जळगावचा केळीचा व्यापारी. लोक देवाला नवस बोलतात, मी त्याच्या नावाने बोलायचो. त्याच्या गाडीचं टायर फुटलं असं कुठे कानावर आलं, तरी मला त्या दिवशी दोन घास जास्त जात.

गोष्ट घडली होती एवढीशी. पाचोऱ्याच्या बाजूला गिरणेकाठी आमची केळी होती. आमच्याकडे व्यापाऱ्याचा ट्रक बांधाला लागल्याशिवाय कोणी घडाला कोयता लावत नाही, कारण एकदा कापलेला घड कोणासाठी थांबत नाही. त्यामुळे ज्याचा ट्रक तो राजा. ब्याऐंशीचं साल असेल. त्या दिवशी ट्रक लांब नाल्याजवळच उभा राहिला, कारण ड्रायव्हरला वाट समजेना. आबा, म्हणजे माझे वडील, वाट दाखवायला म्हणून केबिनमध्ये चढले आणि ड्रायव्हरशेजारी बसले. तेवढ्यात मागून व्यापाऱ्याची जीप आली. त्याने खिडकीतून पाहिलं आणि सगळ्या मजुरांसमोर म्हणाला, "उतर खाली. ही काय तुझी बैलगाडी आहे?"

आबा उतरले. टोपी नीट केली आणि ट्रकच्या पुढे पायी चालत त्यांनी वाट दाखवली. माल भरून मजूर घडांवर चढून बसल्यावर आबांनीच व्यापाऱ्याला घरून थंड पाणी मागवून दिलं. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. माल भरताना खांद्यावर घड घेऊन मी त्याच्या पुढ्यातून गेलो होतो. तो घड मी त्याच्या अंगावर टाकला नाही, नीट ट्रकपाशी नेऊन दिला. याचा मला पुढे व्यापाऱ्याइतकाच राग येत राहिला.

मग मी ठरवलं की आपला स्वतःचा ट्रक घ्यायचा. आबांना केबिनमध्ये बसवायचं आणि भर दुपारी, बाजार गजबजलेला असताना, त्याच्या दुकानासमोरून हळूहळू न्यायचं. दुकानापुढे हॉर्न वाजवायचा. किती वेळ वाजवायचा तेही माझं ठरलेलं होतं. ब्याण्णव साल उजाडलं तेव्हा हाताशी थोडं आलं होतं, आणि धुळ्यात एक जुना ट्रक विकायला असल्याचं कळलं. तो खडीच्या खाणीवर राबलेला होता. बॉडी लोखंडी पत्र्याची, चारी बाजूंनी बंद. अशा बॉडीत केळी भरली तर वाटेतच उकडून निघायची. ती उतरवून लाकडी पट्ट्यांची, वारा खेळता राहील अशी नवी बॉडी चढवावी लागणार होती.

मी तिथल्या बॉडीवाल्या मिस्त्रीकडे तीन खेपा घातल्या. तो पट्ट्यांमधलं अंतर समजावून सांगायचा, खाली केळीच्या पानांचा थर किती जाड हवा ते सांगायचा, आणि मी त्याला केबिनबद्दल विचारायचो. ड्रायव्हरच्या बाजूची सीट गादीची हवी. खिडकी मोठी हवी, आत बसलेला माणूस बाहेरून स्पष्ट दिसला पाहिजे. आणि बॉडी त्या व्यापाऱ्याच्या ट्रकपेक्षा वीतभर तरी उंच हवी. मिस्त्री म्हणाला, उंचीने गाडी झोल खाते. मी म्हटलं, खाऊ दे.

हे सगळं मी रात्रंदिवस बायकोपुढे बडबडत असे. एकदा भाकरी थापता थापता तिने विचारलं, "तुमले केळी पोचाडनी शेत का त्याले गाडी दखाडनी शे?" मी ताटावरून उठून गेलो. खरं बोलणाऱ्या बायकोपुढे दुसरं करता तरी काय येतं?

शेवटी आबांना धुळ्याला नेलं. त्यांना कारण सांगितलं नव्हतं. केळीसाठी गाडी बघायची एवढंच म्हटलं. मालकाने ट्रक धुऊन पुसून, झेंडूची माळ घालून उभा केला होता. मिस्त्रीही तिथे आला होता. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. मी खूश. आबांना इंजिनातलं काही कळत नव्हतं. पण जन्मभर त्यांनी बाजारातून बैल घेतले होते आणि गावातले लोक बैल घ्यायला त्यांना सोबत नेत. बैल उभा असताना आबा कधी बोलत नसत. त्याला चालवायला लावत आणि मागे उभे राहून बघत. शक्य असेल तर ओल्या मातीवरून चालवत, म्हणजे खूर कसे पडतात ते उमटतं.

इथेही त्यांनी तेच केलं. नळाशेजारी सांडलेल्या पाण्याने थोडा चिखल झाला होता. ट्रक त्यावरून सरळ न्या म्हणाले. मालक हसला, मिस्त्रीही हसला, मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. ट्रक गेला. आबा उकिडवे बसले, चाकांच्या ठशांवर बोट फिरवलं आणि मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाले, "मांगलं चाक पुढला चाकनी वाट धरत नही. हाई जनावर कंबरमां तुटेल शे."

मी पाहिलं. पुढच्या चाकांचे ठसे एका रेषेत होते आणि मागच्यांचे चार बोटं बाजूला सरकलेले. मिस्त्रीचं हसू तिथेच मावळलं. मालक आत गेल्यावर मिस्त्रीने कबूल केलं की गाडी एकदा खाणीत कलंडली होती, चासी वाकली होती, वेल्डिंग मारून वरून रंग दिलाय. भरल्या मालाने वळणावर ही गाडी कधी दगा देईल सांगता येत नाही, असंही म्हणाला. एवढं ऐकूनही माझ्या मनात आलं, घेऊ या. दुकानासमोरून एकदा नेण्यापुरती तरी चालेल. पण आबा एसटी स्टँडकडे चालू लागले होते.

परतीच्या बसमध्ये पारोळा येईपर्यंत जीव जळत होता आणि पारोळा मागे पडल्यावर मला एकदम सुचलं. एवढं चांगलं मला आयुष्यात दुसरं काही सुचलेलं नाही, असं तेव्हा वाटलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी जळगावला गेलो. व्यापाऱ्याच्या दुकानासमोर चहाची टपरी होती, त्याची माणसं तिथेच बसत. मी चहा घेतला आणि मोठ्याने सांगत सुटलो. धुळ्यात ट्रक बघितला, इंजिन नव्यासारखं, कवडीमोलाने जातोय. गुरुवारी बयाणा देतोय. आता आम्हाला कोणाच्या गाडीची वाट बघायची गरज नाही. टपरीवर बोललेलं दुकानात पोहोचायला फार वेळ लागला नसणार. तो माणूस मी ओळखून होतो. एखाद्या शेतकऱ्याने ट्रक घ्यावा हे त्याला पचणारं नव्हतं. त्याने बुधवारीच धुळे गाठलं आणि ट्रक उचलला. चिखलाबिखलावरून त्याने काही चालवला नाही.

मला कळलं तेव्हा मी एकटाच हॉटेलात जाऊन शेवभाजी खाल्ली. वर जिलबी मागवली. पुढे महिनाभर मी रोज सकाळी पाटाच्या पाण्यात तोंड धुताना मनाशी म्हणायचो, आज उलटेल, आज नाहीतर उद्या. मी इतका सुखी होतो की बायकोला संशय आला.

व्यापाऱ्याने ट्रक घेतल्याचं आबांना मजुरांकडून कळलं. नवी बॉडी चढली होती आणि पुढच्या कापणीला तोच ट्रक आमच्या गावाला येणार होता. ते शेतातून तसेच घरी आले. मी ओट्यावर बसलो होतो.

"तुले म्हाईत व्हतं ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी शाबासकी द्यावी अशी माझी अपेक्षा होती, खोटं कशाला बोलू. त्यांना केबिनमधून उतरवलं त्याचाच तर हिशेब मी चुकता केला होता.

ते म्हणाले, "घडसवर बठीसन जातस त्या आपला गावना मजूर शेतस. तो त्याना दुकानमां बठस."

मग धुतलेली टोपी घालून ते स्टँडकडे निघाले. मी मागोमाग गेलो. वाटेत दोन-तीनदा म्हटलं, आबा, त्याने तुम्हाला काय म्हटलं होतं ते विसरलात का. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

जळगावला मी दुकानात गेलो नाही, समोर टपरीपाशी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. ट्रक दुकानाशेजारच्या अंगणातच लावलेला होता. आबा आत गेले आणि उभ्यानेच बोलू लागले. व्यापारी आधी हसला. म्हणाला, तुझ्या पोराच्या हातून गाडी गेली म्हणून जळफळाट होतोय का? आबांनी वाद घातला नाही. अंगणात पाणी टाका आणि गाडी सरळ चालवून बघा, एवढंच म्हणाले. त्याने कशी कोण जाणे, पण बघायची तयारी दाखवली. पाणी टाकलं, ट्रक चालवला. ठसे बघायला तो स्वतः वाकला आणि वाकलेलाच राहिला. उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याने आबांना विचारलं, हे कोणाच्या लक्षात आलं?

आबा म्हणाले, "मन्हा पोऱ्यानी दखं. त्यानीच माले धाडं, बोलना शेठले सांगी या."

मी रस्त्यावरून ते स्पष्ट ऐकलं. आबांना मी उभ्या जन्मात खोटं बोलताना ऐकलं नव्हतं.

व्यापारी दुकानातून बाहेर आला, रस्ता ओलांडून माझ्यासमोर उभा राहिला. टपरीवरची माणसं चहा सोडून बघू लागली. त्याने हात जोडले आणि मला म्हणाला, "तुम्ही माझ्या माणसांचे जीव वाचवले." मला, तुम्ही.

हा माणूस भर बाजारात माझ्यापुढे हात जोडून उभा आहे, हे मी दहा वर्षं डोळे मिटून पाहत आलो होतो. तो पुन्हा पुन्हा आभार मानत होता. त्याच्या मागे दुकानात आबांना कोणीतरी खुर्ची दिली होती, आणि मला तिकडे बघवत नव्हतं.